हाताने खेळणारी

जुलैमध्ये ऋतुराज सरांनी मुलींच्या फुटबॉल संघासाठी निवड चाचणी ठेवली आणि मैदानावर नऊ मुली आल्या. सर बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. मग त्यांनी शिट्टी खिशात घातली.

सेंट ब्रेंडन हे ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं विद्यापीठ. पाद्र्यांनी चालवलेलं जुनं कॉलेज होतं, अलीकडे त्याला खाजगी विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नाव झालं ते अभ्यासापेक्षा मुलांच्या फुटबॉलमुळे. मुलांची मॅच असली की कँटीनवालासुद्धा गॅस बंद करून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. मुलींचा संघ मात्र कसाबसा चालायचा. त्या वर्षी जुन्या मुली पास होऊन गेल्या, नवीन आल्याच नाहीत.

क्रीडा विभाग फादर बस्त्याव लोपीस यांच्याकडे होता. वसईचे, साठीच्या पुढचे, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. त्यांनी नऊ जणींना चॅपेलसमोरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "या वर्षी आपण मुलींचा फुटबॉल संघ पाठवत नाही. मला तुम्हाला खोटी आशा दाखवता येत नाही, पोरींनो. सराव करायचा तर मैदान तुमचंच आहे."

आठ जणी उठून गेल्या. नववी बसून राहिली. ती ऐश्वर्या शेडगे, संघाची गोलकीपर.

ऐश्वर्या मोहन्याची. कल्याणच्या पलीकडे, रेयॉनच्या कारखान्याच्या जुन्या कॉलनीतली. तिचे वडील मारुती शेडगे साताऱ्याकडून लहानपणीच इकडे आलेले, आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. तरुणपणी कॉलनीच्या संघात ते लेफ्ट विंगला खेळायचे आणि अजूनही कुणी विचारलं तर कुठल्या मॅचमध्ये कुणाला कसा चकवला ते सांगायचे. मुलगा झाला नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. ऐशू चौथीत असताना त्यांनी तिला दोन विटांच्या मध्ये उभं केलं आणि बॉल मारला. तिने तो पकडला. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे फुटबॉल. पोरांच्या टीममध्ये खेळणारी ही उंच मुलगी ऋतुराज सरांनी तिथेच, कॉलनीच्या मैदानावर बघितली होती आणि बारावीनंतर खेळाडूंच्या कोट्यातून तिला सेंट ब्रेंडनला आणलं होतं.

त्यामुळे ती पायऱ्यांवर एकटी बसलेली दिसली तेव्हा सरांना तिथून नुसतं निघून जाता येईना.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

"कुठे सर?"

"चल तर."

चॅपेलच्या मागे बास्केटबॉलचं कोर्ट होतं. वरती पत्र्याचं छप्पर, खाली निळा रंग दिलेली जमीन. मुलींचा संघ पळत होता आणि मधोमध देवयानी सामंत मॅडम हातात पाण्याची बाटली घेऊन ओरडत होत्या. राज्याकडून खेळलेल्या, आवाज असा की मागच्या रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे.

"मॅडम, ही ऐश्वर्या," ऋतुराज सर म्हणाले. "आमच्याकडे या वर्षी टीम नाही. तुमच्याकडे उंच कुणी नाही."

देवयानी मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात दाखव." ऐश्वर्याने हात पुढे केले. मॅडमनी तिचा पंजा आपल्या पंजाला लावून बघितला. "आणि मी दोन वर्षं उंच पोरगी शोधत गावभर फिरतेय! पलीकडच्या मैदानावर बघायला पाहिजे होतं." मग सरांकडे वळून, "परत मागायची नाही हां नंतर."

सर हसले. ऐश्वर्याला हसू आलं नाही. एका खोलीतलं कपाट दुसऱ्या खोलीत सरकवावं तसं तिला वाटलं. कपाटाला कुणी विचारत नाही.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. बॉल आपटत पळायचं म्हणजे ड्रिबल तिला जमेना. ती पुढे आणि बॉल मागे राहायचा. समोरून कुणी आलं की ती गोल सोडून झेपावल्यासारखी अंगावर जायची आणि फाउल व्हायचा. पाच फाउल झाले की बाहेर. सरावाच्या पहिल्या मॅचला ती पहिल्या अर्ध्यातच बाहेर आली.

दुसऱ्या मॅचमध्ये तर सगळ्यांना पुरेल एवढी करमणूक झाली. समोरच्या मुलीने टाकलेला बॉल रिंगमधून आत पडला आणि जाळीत उतरत होता. ऐश्वर्या धावत आली, खालून उंच उडाली आणि मुठीने बॉल असा ठोसला की तो जाळीतून परत वर आला आणि बाहेर पडला. तिला वाटलं, काय वाचवला! रेफरीने शिट्टी वाजवून समोरच्यांना दोन पॉइंट दिले.

"पूर्ण आत गेला नव्हता सर!" ऐश्वर्या हात वर करून ओरडली.

रेफरीसुद्धा हसायला लागला. देवयानी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, रिंगच्या आत शिरला की संपलं. जाळीतल्या बॉलला हात लावायचा नाही. आणि मुठीने बॉल मारायचाच नाही, कधीच."

"पायाने?"

"पायानेही नाही."

"मग चालतं काय मॅडम इथे?"

बाकावर बसलेल्या मुली खो खो हसल्या. अंतरा लिमये मात्र हसली नाही. अंतरा डोंबिवलीची, बुटकी, चपळ, सातवीपासून हाच खेळ खेळलेली. गेल्या वर्षी ती पहिल्या पाचात होती. या वर्षी मॅडमना संघात उंची हवी होती म्हणून त्यांनी ऐश्वर्याला आत घेतलं आणि अंतराला बाहेर बसवलं. तेव्हापासून ऐश्वर्याला पाणी द्यायची वेळ आली की अंतरा बाटली बाकावर ठेवून द्यायची, हातात द्यायची नाही.

घरी ऐश्वर्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. गणपतीला ती मोहन्याला गेली तेव्हा मारुतींनी आरतीचं ताट खाली ठेवता ठेवताच विचारलं, "यंदा टीम कशी हाय?"

"चाललाय सराव," ती म्हणाली.

"मॅच कधी? मी व्हॅनला त्या दिवशी सुट्टी टाकणार. पोरांच्या आयांना सांगूनसुद्धा ठेवलंय, माझ्या पोरीची मॅच असली की तुमची तुम्ही सोय करा."

ऐश्वर्याने मोदक तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. तिच्या आईने, मालनने, तिच्याकडे नीट बघितलं आणि आणखी एक मोदक तिच्या ताटात वाढला.

नवरात्रात हॉस्टेलच्या आणि संघाच्या मुली मिळून टेंभी नाक्याला देवी बघायला गेल्या. रांग लांबलचक, लाइटिंगने डोळे दिपलेले, ढोलामुळे शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. गर्दीत बाकीच्या पुढे सरकल्या आणि ऐश्वर्या आणि अंतरा मागे राहिल्या. दोघींनी शेजारी उभं राहून अर्धी रांग न बोलता काढली. कोपऱ्यावर ढोलाचा आवाज जरा कमी झाला तेव्हा अंतरानेच तोंड उघडलं.

"एक विचारू? तुला हा गेम आवडतो का तरी?"

ऐश्वर्याला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "नाही," ती म्हणाली. "म्हणजे माहीत नाही. मला कुणी विचारलंच नाही. सर घेऊन आले, मॅडमनी ठेवून घेतलं."

"अरे वा!" अंतराचा आवाज चढला. पुढच्या काकूंनी वळून बघितलं. "म्हणजे मी बाहेर बसलेय आणि आत जी खेळतेय तिला माहीतच नाही! तू चांगली खेळून मला बाहेर काढलं असतंस ना, मला चाललं असतं यार. पण तू तर अशी उभी असतेस की बस यायची वाट बघतेयस."

ऐश्वर्याचे डोळे भरले. तिने बाही डोळ्यांवर फिरवली. अंतरा जरा घाबरली. "अगं, रडू नको ना. लोकांना वाटेल मी मारलं तुला."

"तू बरोबर बोललीस," ऐश्वर्या म्हणाली. "मी बसची वाटच बघते. फुटबॉल परत सुरू होईल म्हणून."

"आणि नाही झाला तर?"

रांग पुढे सरकली. देवीसमोर दोघींनी हात जोडले आणि बाहेर आल्यावर अंतराने दोन कुल्फ्या घेतल्या, एक हातात दिली.

"मला एक सांग," कुल्फी खाता खाता अंतरा म्हणाली, "रिबाउंड सगळे तू पकडतेस. रिंगला लागून उडालेला बॉल तुझ्यासारखा कुणीच पकडत नाही. पण पकडल्यावर एवढा वेळ काय करत बसतेस?"

"शोधते कुणाला देऊ. मॅडम म्हणाल्यात जवळचीला दे."

"गोलमध्ये असताना काय करायचीस?"

"फेकायचे. लांब. विंगवर जो पळत असेल त्याला."

अंतरा खायची थांबली. "किती लांब?"

"अर्ध्या मैदानापर्यंत जायचा सहज."

"आपलं कोर्ट त्याच्यापेक्षा छोटंय," अंतरा म्हणाली. "मग फेक ना. मी पळते की विंगवर."

दुसऱ्या दिवसापासून दोघी सकाळी सगळ्यांच्या आधी कोर्टवर यायला लागल्या. ऐश्वर्या बोर्डवर बॉल मारायची, स्वतःच पकडायची आणि वळून एका हाताने, डोक्यावरून फेकायची. अंतरा समोरच्या रिंगकडे सुसाट पळत सुटायची. पहिले कित्येक बॉल चॅपेलच्या भिंतीला जाऊन लागले. एकदा आत प्रार्थना चालू होती आणि फादर बस्त्याव स्वतः बॉल हातात घेऊन बाहेर आले. "देवाला उठवायची गरज नाही, तो आमच्या आधी उठतो," एवढं म्हणून त्यांनी बॉल परत दिला. पुढे बॉल भिंतीऐवजी अंतराच्या पुढ्यात पडायला लागला, आणि दिवाळीच्या आसपास सरळ तिच्या हातात.

देवयानी मॅडमना त्यांनी हे दाखवलं तेव्हा मॅडम खूश झाल्या नाहीत. "दहातले चार वाया जातायत. मॅचमध्ये चार म्हणजे चार वेळा बॉल फुकट." पण त्या विचारात पडल्या होत्या हे दिसत होतं. आठवड्याने त्यांनी पहिले पाच बदलले. अंतरा परत आत आली. "ही फेकणार आणि झेलायला कुणी नसेल तर उपयोग काय," त्या म्हणाल्या, जणू कल्पना त्यांचीच होती. अंतराने ऐश्वर्याला कोपराने ढोसलं.

त्याच सुमाराला एकदा मारुती न सांगता ठाण्याला आले. व्हॅनचा एक पार्ट घ्यायला आलेले, म्हणाले लेकीला भेटून जाऊ. मैदानावर मुलं खेळत होती. मुली दिसेनात. त्यांनी ऋतुराज सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "सर, पोरींचा सराव कधी असतो?"

सर गोंधळले. "तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

कोर्टवर सराव संपायला आला होता. वळली तेव्हा ऐश्वर्याला वडील जाळीच्या कुंपणाशी उभे दिसले, हातात कागदात गुंडाळलेला पार्ट. ती तशीच घामाने भिजलेली त्यांच्याजवळ गेली आणि दोघं पायरीवर बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता नाही का वाटत?" मारुती समोर बघत म्हणाले. "तिकडं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. पोरगी फुटबॉल खेळती, पोरगी फुटबॉल खेळती. आणि तू इथं हाताचा खेळ खेळतीस."

"पप्पा, मी गोलकीपर आहे. मी आधीपासून हातानेच खेळते."

ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. हातातला पार्ट बाजूला ठेवून म्हणाले, "टीम का नाही झाली?"

"नऊच मुली आल्या."

"नऊ?" त्यांना ते पटेचना. "एवढं मोठं कॉलेज आणि नऊ? अगं, आमच्या मोहन्यात, आंबिवलीत, टिटवाळ्यात पोरी काय कमी हायत? संध्याकाळी नाक्यावर बसून असतात. कुणी मैदानावर बोलावतच नाही त्यांना."

ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. रागावून गेले की नुसतेच गेले, तिला कळलं नाही. पुढचे काही दिवस त्यांचा फोन आला नाही. मग मालनचा आला. "तुझे पप्पा दुपारी चार वाजले की मैदानावर पळतात. व्हॅनमधल्या पोरांच्या मोठ्या बहिणी गोळा केल्यात. घरी येऊन मला सांगत बसतात, ही अशी धावते, ती तशी मारते. माझ्या भाकऱ्या करपतात ऐकता ऐकता." ऐश्वर्याने फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी तिला खूप भूक लागली.

डिसेंबरात पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा होत्या आणि यंदा मुलींचं बास्केटबॉल सेंट ब्रेंडनमध्येच भरलं होतं. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, सगळीकडचे संघ आले. पहिल्या चारात आलेले संघ पुढे अखिल भारतीय स्पर्धेला जाणार होते. सेंट ब्रेंडनच्या मुली आजपर्यंत तिथे गेल्या नव्हत्या. सुरुवातीच्या मॅच त्यांनी जिंकल्या आणि आता एक मॅच उरली. ती जिंकली की पहिल्या चारात.

मॅचच्या आधी फादर बस्त्याव मुलींना चॅपेलच्या बाहेर, मारीयामातेच्या मूर्तीसमोर घेऊन गेले. सगळ्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, ज्या रोज चर्चमध्ये जात त्याही आणि ज्यांच्या मनगटाला टिटवाळ्याच्या गणपतीचा दोरा होता त्याही. "जिंकू दे असं मी मागत नाही," फादर म्हणाले. "समोरच्या मुलीही तुझ्याच आहेत. कुणाचा पाय मुरगळू देऊ नको, आणि यांना यांच्या ताकदीइतकं खेळू दे. आमेन." मग हळूच म्हणाले, "जिंकलात तर मात्र मला आनंद होईल."

मारुती आणि मालन पहिल्या ओळीत बसले होते. मारुतींना नियम कळेनात; ते चुकीच्या वेळी टाळ्या वाजवायचे. मालन आयुष्यात कधी फुटबॉलच्या मॅचला गेली नव्हती, पण हा खेळ तिला पाच मिनिटांत समजला. "हे बरं आहे," ती शेजारच्या बाईंना म्हणाली. "सारखे पॉइंट होतात. फुटबॉलमध्ये नुसतं बघत बसायचं."

पहिला अर्धा भाग सेंट ब्रेंडनचा होता. समोरच्यांनी टाकलेला बॉल रिंगला लागून उडाला की ऐश्वर्याचे हात सगळ्यांच्या वर असायचे, आणि ती वळायच्या आत अंतरा पळायला लागलेली असायची. लांबलचक फेक, दोन पावलं, पॉइंट. चार-पाच वेळा असं झालं तेव्हा समोरच्या कोचनी वेळ मागून घेतला आणि आपल्या मुलींना काहीतरी समजावलं. त्यानंतर एक मुलगी अंतराला चिकटून राहिली. ऐश्वर्याने बॉल पकडला की दुसरी तिच्यासमोर हात पसरून नाचायची. एक फेक अडवली गेली. मग दुसरी. बघता बघता सेंट ब्रेंडन आठ पॉइंटनी मागे पडलं.

देवयानी मॅडमनी वेळ घेतला. सगळ्यांना वाटलं आता त्या ओरडणार. त्या अगदी हळू बोलल्या. "ऐश्वर्या, त्यांना माहीत आहे तू फेकणार. म्हणजे त्यांना जे माहीत आहे ते चूक ठरवायचं तुझ्या हातात आहे. काय करायचं ते तू बघ."

पुढचा रिबाउंड तिने पकडला. अंतरा पळाली. ऐश्वर्याने हात मागे नेला, खांदा वळवला, अगदी पूर्ण जोर लावून फेकतेय असा. समोरची मुलगी हात वर करून उडाली, अंतराच्या मागची मुलगीही तिकडेच ओढली गेली. पण बॉल ऐश्वर्याच्या हातातच होता. ती उडालेल्या मुलीच्या बगलेखालून निघाली आणि बॉल आपटत पळाली. बॉल या वेळी तिच्याबरोबर आला. मधल्या रेषेपलीकडे तिने मोकळ्या मैत्रिणीला सोपा पास दिला. पॉइंट. अंतरा दोन्ही हात वर करून ओरडली. नंतर कधी ऐश्वर्या खरंच फेकायची, कधी नुसतं दाखवायची, आणि समोरच्यांना कळेना कुठलं खरं. शेवटच्या काही मिनिटांत तिचे चार फाउल झाले होते, पण ती स्वतःला सांभाळून खेळली. सेंट ब्रेंडनने ती मॅच तीन पॉइंटनी जिंकली.

देवयानी मॅडम बाकावर बसल्या आणि रुमालात तोंड लपवून रडल्या. अंतरा ऐश्वर्याच्या पाठीवर चढली. फादर बस्त्याव समोरच्या संघाच्या प्रत्येक मुलीशी हात मिळवून आले आणि मग आपल्या मुलींमध्ये येऊन चक्क नाचले.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात त्यांना सपाटून मार पडला. पण पहिल्या चारात त्या आल्याच होत्या. अखिल भारतीयला जायचं पक्कं झालं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला मारुती व्हॅन भरून मुली घेऊन सेंट ब्रेंडनच्या मैदानावर आले. बाकीच्या बसने आल्या. ऋतुराज सरांनी ठाण्यातल्या एका क्लबच्या मुलींशी मैत्रीपूर्ण मॅच ठेवली होती. मोहन्याच्या मुली सपशेल हरल्या, पण पळाल्या अशा की सर कडेला पळत पळत बघत होते. त्यातल्या बऱ्याच जणी या वर्षी बारावीला होत्या. फादर बस्त्यावांनी मारुतींना आत बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "जूनमध्ये या मुली प्रवेशाला आल्या तर मी मुलींचा फुटबॉल संघ परत सुरू करतो. शब्द देतो."

त्याच संध्याकाळी ऋतुराज सरांनी ऐश्वर्याला गाठलं. "तू येशील ना परत? गोलमध्ये मला अनुभवी कुणीतरी हवं. दोन्ही स्पर्धा एकाच सुमाराला असतात, म्हणजे एकच खेळता येईल. मीच तुला तिकडे सोडलं होतं, आता मीच मागतोय. लाज वाटते, पण मागतोय."

"सर, मला दोन दिवस द्या."

देवयानी मॅडमना ते कळलंच. "मी तुला थांब म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी तू सांग."

शनिवारी ती मोहन्याला गेली. चार वाजता बापलेक मैदानावर पोचली. निशा नावाची एक बुटकी मुलगी गोलमध्ये उभी होती. तिच्या डोक्यावरून बॉल जात होते, तरी प्रत्येक वेळी ती पुढे झेपावत होती, गुडघे सोलवटून घेत होती आणि उठून हसत होती. ऐश्वर्या तिच्याजवळ गेली, तिला गोलरेषेच्या दोन पावलं पुढे उभं केलं आणि गोल सोडून कधी पुढे यायचं ते दाखवलं. पुढचे दोन बॉल निशाने अडवले. ऐश्वर्याला तिथे उभं राहायला छान वाटत होतं. पण स्वतः त्या दोन खांबांमध्ये जावंसं वाटत नव्हतं. तिचे हात सारखे दुसरंच काहीतरी करत होते. बॉल आला की ती तो नकळत आपटत होती.

मुली घरी गेल्यावर मारुती गोलची जाळी सोडायला लागले. ती मदतीला गेली.

"पप्पा, सरांनी परत बोलावलंय. पण मी बास्केटबॉलच खेळणार. मला तो आवडायला लागलाय."

मारुतींनी एक गाठ सोडली, मग दुसरी. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "त्या मॅचला तू फेकायचं दाखवलंस आणि फेकलंच नाहीस. मी उठून उभा राहिलो. तुझी आई म्हणाली, बसा खाली. मी म्हटलं, अगं, हे मी नाही शिकवलेलं तिला." त्यांनी जाळी खांद्यावर टाकली. "मी शिकवलं तेवढंच येत असतं, तर काय मजा."

ऐश्वर्याने जाळीचं दुसरं टोक उचललं आणि दोघं मैदान ओलांडून घराकडे गेली. सोमवारी तिने ऋतुराज सरांना सांगितलं. सर म्हणाले, "निदान रविवारी येऊन माझ्या नव्या कीपरला शिकव." तेवढं तिने आनंदाने कबूल केलं.

अखिल भारतीय स्पर्धा दूर दक्षिणेत होती. गाडी दुपारी कल्याणहून होती. फलाटावर बॅगांचा ढीग, त्यावर बॉलची जाळीची पिशवी, आणि देवयानी मॅडम हात वर करून मुली मोजत होत्या, दर वेळी एक कमी किंवा एक जास्त. अंतराचे आईवडील डोंबिवलीहून चकल्यांचा मोठा डबा घेऊन आले होते. मालनने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. फादर बस्त्याव मुलींबरोबरच चालले होते. गाडीतली खिडकीजवळची जागा आपली असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि ती ते कुणालाही देणार नव्हते.

मारुतींनी घड्याळात बघितलं. गाडी अजून आली नव्हती, उशिराने धावत असल्याचं सांगत होते.

"जा पप्पा," ऐश्वर्या म्हणाली. "पोरी वाट बघत असतील."

"नाही, गाडी लागली की जातो."

"निशा एकटीच येऊन थांबते लवकर. जा ना तुम्ही."

ते घुटमळले. तिच्या हातात दहा-दहाच्या चॉकलेटांचं पाकीट कोंबलं, फादरांना नमस्कार केला, मॅडमना "पोरीकडे बघा" म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. अर्ध्या जिन्यावर थांबून त्यांनी एकदा मागे बघितलं, हात केला आणि मग भरभर वर चढून गर्दीत दिसेनासे झाले.

"गेले पण?" अंतराने विचारलं. "गाडी यायच्या आधीच?"

"चारला सराव असतो त्यांचा," ऐश्वर्या म्हणाली आणि तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की अंतरा हसली. लांबून इंजिनाचा भोंगा ऐकू आला. दोघींनी बॉलची पिशवी दोन बाजूंनी उचलली आणि डबा कुठे लागतोय ते बघत फलाटावरून पुढे पळाल्या.